गुन्हा दाखल करायचाय का?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्या थांबवत होता. अगदी शिस्तीत हं, एक हात वर करून इकडच्यांना थांबवायचं, दुसऱ्या हाताने पलीकडच्यांना सोडायचं, मध्येच तोंडाने शिट्टी. फक्त आमचा रस्ता वन-वे आहे, त्यामुळे पलीकडून कोणी येतच नव्हतं. अंगात कुठल्यातरी निवडणुकीतला टीशर्ट, एका पायात स्लीपर, दुसरा पाय अनवाणी आणि त्याला कसलंतरी फडकं बांधलेलं. दहा-पंधरा मिनिटं लोक हसत हसत बाजूने गाड्या काढत होते, काहींनी व्हिडिओ पण काढले. मग एका कारवाल्याने हॉर्नवर हात दाबून ठेवला आणि याने फुटपाथवरचा ब्लॉक उचलून सरळ बॉनेटवर घातला. त्या आवाजाने सगळ्या बाल्कन्यांचे लाईट लागले, माझाही. कोणीतरी एकशे बाराला फोन केला आणि बऱ्यापैकी लवकर, खोटं कशाला बोलू, बीट मार्शलची बाईक आली.

दोघं होते. एक अगदी पोरगेला, काठी घेऊनच उतरलेला, आणि दुसरे पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, रेनकोटाची चेन अर्धवट लागलेले. तोवर तो माणूस गेटच्या खांबाला टेकून बसला होता आणि स्वतःशी भराभर काहीतरी बोलत होता, आम्हाला कोणालाच कळत नव्हतं. त्या मोठ्या हवालदारांनी जरा कान दिला आणि एकदम विचारलं, ‘तिन्नावा?’ तेलुगू! जेवलास का. हवालदार सोलापूरचे निघाले, ‘आमच्या गल्लीत अर्धे पद्मशालीच, शाळेत जायच्या आधीपासून येतंय मला.’ तो माणूस बोलायचा थांबला, यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही जेवलो म्हणून. वॉचमनने त्याच्या डब्यातली चपाती दिली. आणि मग ते हवालदार उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आमच्या चेअरमनकाकांकडे आणि त्या कारवाल्याकडे वळले आणि चहात साखर किती टाकू असं विचारावं तशा आवाजात म्हणाले, ‘बोला साहेब, गुन्हा दाखल करायचाय का?’

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

कारण त्यानंतर जे घडलं ते असं, की कारवाल्याने मोबाईल काढला आणि इन्शुरन्स क्लेमला एफआयआर लागते का ते तो शोधायला लागला. पावसात, छत्री मानेत धरून. आम्ही सगळे थांबलो, पोलीसही थांबले. चेअरमनकाका म्हणाले, अहो नुसता डेंट आहे, जाऊ द्या. बायको कारमधून म्हणत होती, असल्यांना सोडायचं नसतं. आणि तो माणूस चपाती खात होता, त्याला काही पत्ताच नव्हता की त्याचं पुढचं आयुष्य कुठल्या रस्त्याने जायचं ते आत्ता एका इन्शुरन्स कंपनीच्या हेल्प पेजवर ठरतंय. हो म्हटलं असतं तर तो आरोपी, मग लॉकअप, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, मग एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणणार, म्हणजे कच्चा कैदी. नाही म्हटलं तर तो पेशंट. मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम १००, रस्त्यावर असा कोणी सापडला तर पोलिसांनी ताब्यात घ्यायचं ते त्याच्या रक्षणासाठी, का नेतोय ते त्याला सांगायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवायचं आणि काहीही झालं तरी लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ च्या मे महिन्यात. माणूस तोच, ब्लॉक तोच, बॉनेट तेच.

शेवटी कारवाला म्हणाला राहू द्या, कटकट नको. मला तेव्हा बरं वाटलं. चला, सुटला बिचारा, असंच मनात आलं. आणि अंथरुणावर पडल्यावर मधला मामा आठवला आणि ते बरं वाटणं हळूहळू उतरत गेलं.

मधल्या मामाची गोष्ट आमच्याकडे कोणी नीट सांगत नाही, तुकड्यातुकड्यात कळलेली आहे. मी लहान होते, म्हणजे ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मामा शेती करायचा, दोन वर्षं बरा नव्हता, रात्री झोपायचा नाही, विहिरीत कोणीतरी काहीतरी टाकलंय म्हणून विहिरीवर जाऊन बसायचा. एका पहाटे त्याने शेजारच्या अण्णांवर कोयता उगारला आणि तो त्यांच्या खांद्याला लागला. मग चावडीवर बैठक बसली. फौजदार, पाटील, आजोबा आणि खांद्याला पट्टी बांधलेले अण्णा स्वतः. सगळे एकमेकांना ओळखणारे, एकमेकांच्या लग्नात पंगती उठवलेले. अण्णाच म्हणाले म्हणे, केस नको, त्याच्या डोक्यात बिघाड आहे, त्याला काय कळतंय. फौजदारांनी पण समजुतीने घेतलं. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडून कागद झाला, तेव्हा १९१२ चा ल्युनसी ॲक्ट होता, इंग्रजांच्या काळातला, आणि मामाला एका हवालदाराबरोबर एसटीत बसवून मोठ्या शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं. नाव सांगत नाही, मुद्दा त्या एका हॉस्पिटलचा नाहीच. आजी सांगायची की एसटीत बसवताना त्याचे हात पंचाने बांधले होते, बेडी नको असं आजोबांनी फौजदारांना हात जोडून सांगितलं होतं, आणि हवालदाराने तेवढं ऐकलं. पंचा आजोबांचाच. सगळ्यांनी माणुसकी दाखवली होती त्या दिवशी. खरंच दाखवली होती.

आईबरोबर मी त्याला भेटायला जायचे. लांबच लांब भिंत, आत जुनी चिंचेची झाडं, व्हरांड्यात फिनेलचा आणि उकडलेल्या भाताचा मिळून एक वास, तो वास मला अजून कुठल्याही सरकारी इमारतीत आला की पोटात खड्डा पडतो. मामाचे केस कापलेले असायचे, पांढरा पायजमा नाडीऐवजी गाठ मारून वर खेचलेला. आईने नेलेल्या चकल्या तो एकेक करून नीट मोजायचा आणि मग बाकीच्यांना वाटून टाकायचा. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, निघताना आईला विचारायचा, ‘अक्का, माझी तारीख कधी आहे?’ त्याला वाटायचं त्याची केस चालू आहे. कोयता चालवला म्हणजे केस असणार, एवढं त्याचं व्यवस्थित शाबूत होतं. एकदा तिथला वॉर्डबॉय हसून म्हणाला, मामा इथे तारीख नसते. आई तेव्हा काही बोलली नाही, एसटी स्टँडवर आल्यावर मात्र मला उगाचच ओरडली.

तो बरा झाला नव्हता असं नाही. गोळ्यांनी झाला होता, बागेत काम करायचा, पत्रं लिहायचा, हस्ताक्षर माझ्यापेक्षा चांगलं. घरी न्या म्हणून हॉस्पिटलचं पोस्टकार्ड पण आलं होतं गावाला. पण तोवर आजोबा गेले, वाटण्या झाल्या, सातबाऱ्यावर नावं चढली, थोरल्या मामीच्या पदरात दोन लहान पोरं, ती म्हणायची कोयता मी पाहिलाय हो डोळ्यांनी. मी तिला दोष देत नाही. लांबून एसटीने येऊन चकल्या देणारीने आणि रात्री त्याच घरात कडी लावून झोपणारीने एकाच पट्टीने मोजायचं नसतं. न्यायला कोणी गेलं नाही, तो तिथेच राहिला आणि तिथेच गेला. तेराव्याला अण्णा आले होते, म्हातारे झालेले, खांद्यावरचा तो वण बंडीच्या गळ्यातून दिसायचा. जेवण झाल्यावर पानाला चुना लावता लावता म्हणाले, ‘केस केली असती ना, तर दोन-तीन वर्षात सुटून घरी आला असता पोरगा. मीच आड आलो.’

तर हे माझ्या डोक्यात आहे. शिक्षेला तारीख असते, आणि तुरुंगात सगळेच ती मोजत असतात, कैदी मोजतो, वकील मोजतो, घरचे मोजतात, जेलर सुद्धा मोजतो कारण त्याला पुढच्याला जागा करायची असते. उपचार म्हटलं की मोजणंच थांबतं. पोलीस म्हणतात आम्ही डॉक्टरकडे दिला, डॉक्टर म्हणतात आम्हाला कोर्टाने दिला, कोर्ट म्हणतं रिपोर्ट आलेला नाही. कोणी वाईट वागलेलं नसतं. हा सगळा मामला ऐकायला एकदम छान वाटतो, न्यायव्यवस्था आणि आरोग्यव्यवस्था यांचा समन्वय वगैरे, शासकीय परिपत्रकात शोभेल असा, पण बऱ्याच वेळा त्या समन्वयाचा अर्थ इतकाच निघतो की दोघांनीही निर्धास्त होऊन माणूस एकमेकांच्या नावावर टाकला.

मोरीगावच्या माचांग लालुंगची गोष्ट काहींनी वाचली असेल. आसाममधला आदिवासी माणूस, १९५१ मध्ये मारहाणीच्या आरोपाखाली पकडला, तेव्हा वय तेवीस. मनोरुग्ण म्हणून तेजपूरच्या मानसोपचार संस्थेत पाठवला. १९६७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, हा बरा आहे. आता बरा आहे म्हटल्यावर खटला चालवायचा नाहीतर सोडायचं ना, तर त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं. आणि तिथे तो २००५ पर्यंत राहिला. चोपन्न वर्षं, खटला एकही दिवस चालला नाही. मानवाधिकारवाल्यांनी प्रकरण वर काढलं तेव्हा एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सोडला. एक रुपया! पुढे सुप्रीम कोर्टाने तीन लाखांची भरपाई आणि महिन्याला हजार रुपये द्यायला सांगितले, पण तो २००७ मध्ये गेला. मी जेव्हा ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या १९६७ च्या डॉक्टरांचा विचार येत राहिला. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. कागद लिहिला, सही केली, माणूस रवाना केला. पलीकडे तो कागद कोणी उघडला का, हे बघणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

पुण्यात येरवड्याला तर हे दोन्ही शेजारीशेजारीच आहे, मध्यवर्ती कारागृह आणि अडीच हजारांवर खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. माझा ऑफिसचा रस्ता तिथूनच जातो आणि सिग्नलला थांबलं की दोन्हीकडे बघायची मला सवय लागली आहे. आमच्या आधीच्या पिढीला रामन राघव आठवेल, १९६८ साली मुंबईत फुटपाथवर झोपणाऱ्यांना ज्याने मारलं तो. संध्याकाळनंतर अख्खी उपनगरं दारं लावून बसायची असं सासूबाई सांगतात. त्याला फाशीची शिक्षा झाली, पण हायकोर्टाने मानसोपचारतज्ज्ञांचं बोर्ड बसवलं, त्यांनी तपासून स्किझोफ्रेनिया सांगितला, आणि १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये तो पुण्यातच ससूनमध्ये किडनीच्या आजाराने गेला. मला या केसमध्ये त्या पोलिसांचं, त्या डॉक्टरांचं खरंच कौतुक वाटतं, इतका संताप असताना कोणीतरी शांतपणे त्याच्याशी बोलत बसलं, लिहून घेतलं. पण ते झालं कारण प्रकरण गाजलं होतं. आमच्या गेटवरच्या माणसासाठी बोर्ड कोण बसवणार?

आणि २०१९ च्या एप्रिलमधला सुप्रीम कोर्टाचा निकाल, तोही महाराष्ट्रातलाच. फाशीच्या एका कैद्याला शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार झाला, म्हणून कोर्टाने फाशी रद्द केली, आजार उघड होऊ नये म्हणून निकालात त्याचं नाव झाकून फक्त ‘आरोपी एक्स’ लिहिलं आणि राज्य सरकारला सांगितलं की नव्या कायद्याप्रमाणे याच्या उपचारांचं बघा. वाचताना वाटलं, किती समजूतदार निकाल. मग शेवटची ओळ, उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात, माफीची सूट नाही. गुन्हा भयंकर होता हे मान्य, दोन लहान मुलींचा जीव गेला होता, आणि त्यांच्या घरच्यांसमोर मी हे वाक्य म्हणू शकणार नाही. तरी पण.

माझी एक मैत्रीण एका सरकारी मनोरुग्णालयात सोशल वर्कर आहे. तिच्याकडे कोर्टाकडून आलेले पेशंट असतात, म्हणजे ज्यांचा खटला ‘आरोपीला स्वतःचा बचाव करता येण्याजोगी मनःस्थिती नाही’ म्हणून थांबलाय. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ३२८ पासून पुढे होतं, आता जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ३६७ पासून, नंबर बदलले, गाडं तेच. तिला मी मामाचं सांगितलं तर म्हणाली, अगं तुझ्या मामाला निदान पोस्टकार्ड तरी गेलं. तिचं काम कसं चालतं बघा. पेशंट बरा झाला, डॉक्टरने लिहून दिलं की आता याला केस समजते, वकिलाशी बोलता येईल. ते पत्र कोर्टात जातं. कोर्ट तारीख देतं. त्या तारखेला पेशंटला न्यायला कैदी पार्टी लागते, म्हणजे पोलीस मुख्यालयातून दोन-तीन कर्मचारी आणि गाडी. त्या दिवशी गणपती बंदोबस्त असतो, नाहीतर व्हीआयपी, नाहीतर मॅच. पार्टी मिळत नाही. पुढची तारीख. ती येईपर्यंत मधल्या काळात कोणाची गोळी बदलते, कोणी पुन्हा बिघडतो, मग नवीन तपासणी, नवीन पत्र. ‘बरं व्हायला त्याला चार महिने लागतात, आणि बरा झालाय हे कोर्टात पोचवायला मला वर्ष लागतं,’ हे तिचं वाक्य. व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आल्यापासून थोडं बरं आहे म्हणे, पण त्यातही कधी आवाज येत नाही, आणि ज्याला आधी आवाज ऐकू यायचे त्याला स्क्रीनवरच्या माणसाशी बोलायला लावायचं म्हणजे वेगळीच परीक्षा.

तिनेच मला मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम १०३ दाखवलं. मला आधी वाटलं चेष्टा करतेय. तुरुंगाच्या मेडिकल ऑफिसरने दर तीन महिन्यांनी मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाकडे रिपोर्ट पाठवायचा, कसला, तर आमच्या तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही असं प्रमाणित करणारा. किती आहेत ते कळवा असं नाही, एकही नाही असं लिहा! हेतू उमगतो हं, की असला तर त्याला इथे न ठेवता योग्य ठिकाणी हलवा, आणि राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात तरी मानसोपचाराची सोय हवी असंही तिथेच पुढे आहे. पण एखाद्या माणसाकडे दर तिमाहीला ‘नाही’ एवढंच ऐकायला गेलं की तो ‘नाही’ म्हणायलाच शिकतो. आणि हे उगाच आलेलं नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी सुप्रीम कोर्टात लढवलेल्या प्रकरणात १९९३ मध्ये कोर्टाने स्पष्ट म्हटलं होतं की गुन्हाच न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. बंगालच्या तुरुंगांत अशी माणसं होती, ज्यांच्यावर काही आरोपच नव्हता, ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून तुरुंग. म्हणजे आमच्या मामाच्या उलटं. त्याने कोयता चालवला आणि तो दवाखान्यात, यांनी काहीच केलं नाही आणि ते बराकीत, आणि मोजणारं कोणी नाही हे मात्र दोन्हीकडे सारखं.

बरं, तो गेटवरचा माणूस. मी पुढच्या आठवड्यात चौकीत जाऊन विचारलं, ते हवालदार भेटले. मला वाटलं होतं हे म्हणतील, कोण हो तुम्ही. तर त्यांनी उलट खुर्ची दिली आणि स्वतःचंच गाऱ्हाणं सुरू केलं. त्या रात्री ते त्याला घेऊन आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात गेले, नाव नको. तिथे ड्युटीवरची डॉक्टर नवीन पोरगी, ती म्हणाली मानसोपचारवाले सकाळी नऊला, आणि नातेवाईक कुठायत. नातेवाईक असता तर मी कशाला आलो असतो मॅडम. मग आधार कार्ड मागितलं. मग पायाला ड्रेसिंग केलं तेवढं बरं केलं, पायात बरीच खोल काच गेली होती, त्या फडक्याखाली. आणि सकाळपर्यंत हे दोघं त्याच्यासोबत कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर. ‘तो झोपला, मी नाही झोपलो. झोपलो आणि पळाला तर माझी खातेनिहाय चौकशी.’ त्यांनी मला स्टेशन डायरीतली नोंद वाचून दाखवली, ‘अनोळखी वेडसर इसम, अंदाजे वय ४०, तेलुगू भाषिक’ वगैरे. मी म्हटलं, मिसिंगची नोंद पण करायची असते ना, असा माणूस सापडला की घरच्यांचा शोध घेणं ठाण्याच्या अधिकाऱ्याचं कामच आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, वाचून आलात वाटतं. केली होती त्यांनी. इतकंच नाही, त्याच्याशी बोलून बोलून एका गावाचं नाव काढलं होतं, तेलंगणातलं, आणि आपल्या सोलापूरच्या मेहुण्याला कामाला लावलं होतं, त्याचा तिकडे सुताचा धंदा आहे म्हणून.

मी मैत्रिणीला हे सांगितलं, जरा उत्साहातच, आणि वर म्हटलं की पण हा निव्वळ योग आहे गं, सोलापूरचा हवालदार मिळाला म्हणून. समजा तो बंगाली असता तर? समजा तो तरुण काठीवाला एकटाच आला असता तर? ती म्हणाली, सगळं असंच चालतं, मला त्यांचा नंबर दे. दिला. तिच्याकडे अशा नंबरांची एक वही आहे, कुठल्या चौकीत कोण ऐकून घेतं, कुठल्या कोर्टात कोणता बेंच क्लार्क फोन उचलतो, कर्जतच्या ‘श्रद्धा’मध्ये कोणाला विचारायचं, म्हणजे डॉ. भरत वाटवानींची संस्था, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारी, ज्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. मला ती वही बघून कौतुक पण वाटलं आणि घाबरायला पण झालं. हवालदारांची बदली होते. क्लार्क रिटायर होतो. मैत्रीण स्वतः दर वर्षी म्हणते आता सोडते नोकरी. एवढा मोठा कायदा, एकशे सव्वीस कलमांचा, आणि तो चालतोय एका दोनशे पानी वहीवर.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये हल नावाच्या शहरात नर्स आहे, तिच्याकडे तर उलटीच चर्चा. तिथल्या हंबरसाइड पोलिसांनी २०२० पासून ठरवलं की निव्वळ मानसिक आजाराच्या कॉलला पोलीस जाणार नाहीत, जिवाला धोका असेल तरच, बाकी आरोग्यखात्याने बघावं. २०२३ मध्ये लंडनच्या पोलिसांनीही तेच सुरू केलं. ती म्हणते तत्त्व बरोबर आहे, आजारी माणसाला युनिफॉर्म बघून भीतीच वाटते, पण रात्री दोन वाजता वॉर्डात आम्ही तिघीच असतो, मग कोण जाणार? मी हे ऐकताना आमच्या गेटवरचा तो तरुण काठीवाला आठवत होते आणि पटत होतं की नकोच पोलीस. आणि मग कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर रात्रभर जागे बसलेले ते हवालदार आठवले. त्या रात्री त्या माणसाजवळ बसायला अख्ख्या शहरात दुसरं कोणी नव्हतं. आम्ही बाल्कनीत होतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र मी तोंड उघडलं. गेटवर अजून एक सीसीटीव्ही लावायचा ठराव चालू होता, ‘त्या वेड्याच्या प्रकारानंतर’. मी म्हटलं कॅमेरा लावा, पण वॉचमनच्या केबिनमध्ये १४४१६ पण लिहून लावा, टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे. सेक्रेटरी म्हणाले मॅडम, वेडा काय फोन करणारे का? हशा झाला. चेअरमनकाकांनी मात्र नंतर जिन्यात गाठून नंबर लिहून घेतला आणि कोणासाठी ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मैत्रिणीने आता नवीन एक प्रकार सुरू केलाय. बरे झाल्याची पत्रं गेलेल्या सगळ्या पेशंटांची ती तारीखवार यादी करते, पत्र कधी गेलं, कोर्टात कधी मिळालं, पार्टी किती वेळा आली नाही. कोणी सांगितलेलं नाही तिला. दर सोमवारी एकेका कोर्टात फोन. सुरुवातीला लोक वैतागले, एका क्लार्कने तर सुनावलं की मॅडम तुम्ही वकील आहात का, नाही ना, मग कशाला मध्ये पडता. ती म्हणाली, मी त्याच्या वतीने तारखा मोजते, बाकी काही करत नाही. परवा आम्ही दोघी तिच्या हॉस्पिटलबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो तर त्याच क्लार्कचा फोन आला, तिने स्पीकरवर टाकला. मागे कोर्टातला पुकारा ऐकू येत होता, पंखा घरघरत होता, आणि तो गडबडीत म्हणाला, ‘मॅडम, तुमचा तो दोन नंबरचा माणूस, उद्या त्याची पार्टी लागलीय बरं का, अकराच्या आत आणायला सांगा. आणि ऐका, मागच्या वेळी तो हॉस्पिटलच्या पायजम्यात आला होता, साहेबांना बरं नाही वाटलं. एखादी पँट बघा की कुठे.’ मैत्रिणीने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘तुझ्या नवऱ्याची कंबर किती गं?’